तीन नंबरची खोली

दुपारचा दीड. पत्र्यावर ऊन
कढईतल्या मोहरीसारखं तडतडतंय.
रात्रपाळी करून आलेली मी
उशी डोळ्यांवर दाबून,
आणि पत्र्याच्या अठरा भोकांतून
अठरा नाणी उजेड
साडीवर सांडलेला.
मोजलेत मी. झोप नसली की माणूस मोजत बसतं.

तापीच्या पुलाअलीकडचं फाटक
बावीस वर्षं मी लावते, मी उघडते.
सुट्टीच्या दिवशीसुद्धा दर बारा-पंधरा मिनिटांनी
माझे कान उठून बसतात.
बाकीची मी मागून उठते.

भाची म्हणाली, आत्या, जाऊन ये कुठेतरी,
आणि मोबाइलवर लावून दिलं:
'कपार'. सातमाळ्याच्या कड्यात कोरलेलं हॉटेल,
चाळीसगावापासून तासाभरावर.
म्हणाली, पाच तारेवाले अभिप्राय आधी वाच.
मी एक तारेवाले वाचले.
चिडलेला माणूस खोटं कमी बोलतो,
हे फाटकावर थांबलेल्यांकडून शिकले.

'रेंज अजिबात नाही.'
'सातनंतर करायचं काय? टीव्हीसुद्धा नाही.'
'दिवसाढवळ्या रात्र. मुलं घाबरून रडली.'
'तीन नंबरला खिडकीच नाही! पैसे परत करा.'

मेहरूणची बोरं कुणी समोर ओतावीत
तसं तोंडाला पाणी सुटलं मला.

एक नंबर: दरीवर गॅलरी, पितळी दिवे,
पलंगावर टॉवेलचा हंस. साडेचार हजार.
हंस मोडून अंग पुसायचं मला जमलं नसतं.
दोन नंबर: छताला काच,
निजल्या निजल्या चांदण्या बघा.
चांदण्या!
तिकांडं रुळांवर कलतं तेव्हा
कोणती मालगाडी येते, ते मला विचारा.

तीन नंबर: फोटो काळाकुट्ट.
वाटलं, मोबाइल बिघडला.
बोटाने पुसून बघितला.
नाही, फोटोच तो. खोलीच तशी.
नऊशे.

नाव भरलं: प्रमिला नेहेते.
माणसं किती, तिथे अडलं.
दोनाच्या खाली आकडाच नाही.
मग फोन लावला.

"हिलाल बोली ऱ्हायनू, कपारवरथीन."
तीन नंबर पाहिजे, म्हटलं.
पलीकडे जरा वेळ कुणीच नाही.
"ती कोनी लेत नही, बाई.
तठे आम्ही कांदा ठेवतस."
मी म्हटलं, वासाचं चालेल.
"कितला जन शेतस?"
एकटीच.
पुन्हा कुणीच नाही. मग हळूच,
"घरना लोकेस्ले माहीत शे ना?"
हसू आलं. म्हटलं, भाऊ, जीव द्यायला नाही येत,
झोपायला येते.

मग खरं विचारायचं ते विचारलं:
तिथे गाडीचा आवाज येतो का?
सगळे म्हणतात, छे, अगदी शांत.
हा म्हणाला, "वारं उलटं व्हयनं
ते चाळीसगावना भोंगा येस कधीमधी.
खोटं कसाले सांगू?"
तिथेच ठरलं माझं.

एवढ्यात भिंत हलायला लागली,
फळीवरची भांडी किणकिणली.
थांबा, म्हटलं, गाडी आहे.
त्याने फोन ठेवला नाही.
कोळशाची, लांबलचक,
डबा डबा डबा माझ्या बरगड्यांतून,
आणि पलीकडे कड्याच्या कुशीत
एक अनोळखी माणूस गप्प उभा,
माझ्या कानाने ऐकत.

मागचा डबा गेला. धूळ खाली बसली.
"कितला डबा व्हतात?"
अठ्ठावन्न.
"आनि हाई रोजनं?"
रोजचं. रात्रीसुद्धा.

तो काही बोलला नाही.
लांब कुठेतरी त्याने कुणाला तरी हाक मारली,
पोतं ओढल्याचा आवाज आला.
"मंग काढस मी कांदा," म्हणाला.
"कव्हय येशात? बारा वाजता खोली भेटस."

आठला द्या, म्हटलं. गुरुवारी.
पाळी संपली की पहिली गाडी धरते.